तेलाचे मनोरे आणि लहान नौका

मिसिसिपी नदी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सुमारें चाळीस टक्के भूमीचें पाणी वाहून आणते आणि लुइझियाना प्रांताच्या टोकाशीं मेक्सिकोच्या आखातांत ओतते. त्या पाण्याबरोबर आलेल्या गाळानेंच या प्रांताचा किनारा घडलेला आहे. किनारा म्हणजे दलदल, खाड्या आणि लव्हाळ्यांचीं कुरणें. आणि त्यापुढें समुद्राचा तळ म्हणजे मैलोगणती पसरलेला मऊ चिखल. आपल्या कोंकणपट्टीप्रमाणें तेथें पाण्यांत शिरलेले काळे खडक नाहींत, कड्याच्या पायथ्याशीं कपारी नाहींत. खडकाच्या आश्रयानें राहणाऱ्या माशांना तेथें घर असें फारच थोडें. अशा या उघड्या चिखलावर गेल्या शतकांत मनुष्यानें लोखंडाचें एक अरण्य उभें केलें. तें त्यानें माशांसाठीं उभारलें नव्हतें. तळाखालच्या तेलासाठीं उभारलें होतें. पण मासे आले, माशांमागोमाग लहान लहान नौका घेऊन माणसें आलीं, आणि तेल उपसणारा व मासा धरणारा यांचा एक विलक्षण शेजार तेथें जमला. तो शेजार आतां मोडूं लागला आहे.

समुद्रांतून तेल काढण्याचा उद्योग अमेरिकेंत प्रथम कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुरू झाला. तेथील समरलँड गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यांत लांकडी धक्के बांधून त्यांवरून विहिरी खोदल्या गेल्या. आखातांत मात्र या उद्योगानें खरें मूळ धरलें तें इ. स. १९३८ मध्यें. त्या सालीं लुइझियानांतील क्रिओल गांवासमोर, किनाऱ्यापासून सुमारें दीड मैलावर आणि अवघ्या चौदा फूट पाण्यांत, लांकडी खांबांवर उभारलेल्या एका प्रचंड मचाणावरून तेल निघूं लागलें. कामगारांची ने-आण कोळंबी धरणाऱ्या होड्यांतून होई. म्हणजे तेलवाले आणि मासेवाले यांची गांठ अगदीं पहिल्या दिवसापासून पडलेली आहे. पुढें १९४७ सालीं, जमीन दृष्टीआड होईल इतक्या दूर, किनाऱ्यापासून दहा मैलांहून अधिक अंतरावर एक विहीर लागली; पाण्याची खोली मात्र तेथेंहि अठरा-वीस फुटांच्या घरांतच होती. तळ इतका सावकाश उतरत जातो, हीच या किनाऱ्याची खुबी आहे. त्यामुळेंच दहा-पंधरा मैलांच्या आंत शेंकडों मनोरे उभे राहूं शकले, आणि वीस-बावीस फुटांची नौका असलेल्या साध्या गृहस्थालाहि ते गांठतां येऊं लागले.

या किनाऱ्यावर दोन्ही धंदे किती एकजीव झाले याची एक गंमतीची साक्ष आहे. मॉर्गन सिटी या गांवीं १९३६ पासून कोळंबीचा उत्सव भरत असे. १९६७ सालीं त्याच्या नांवांत पेट्रोलियमची भर पडली, आणि तेव्हांपासून तो कोळंबी व पेट्रोलियम या दोहोंचा उत्सव म्हणून ओळखला जातो. एकाच मखरांत दोन दैवतें बसविण्याची कला कांहीं आपल्याकडेच आहे असें नाहीं.

आतां लोखंडाच्या खांबांपाशीं मासे कां जमतात, तें पाहूं. मनोरा उभा राहिल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याच्या पाण्याखालच्या अंगावर शेवाळ धरतें. मागोमाग बार्नकल नांवाचे टणक कवचाचे जीव येऊन चिकटतात; त्यांच्यावर कालवें बसतात, त्यांच्या फटींतून लहान खेकडे, कृमि आणि कोळंब्या राहूं लागतात. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ पाण्यांत असलेल्या खांबांवर स्पंज आणि प्रवाळहि वाढतें. दोन-तीन वर्षांत मूळचें लोखंड दिसेनासें होतें आणि खांबाची जाडी नुसत्या जीवसृष्टीनें वाढते. हीच माशांची खाणावळ. शिवाय प्रवाह खांबांवर आदळून फुटतो, त्यामागें निवांत पाण्याची पडछाया तयार होते, आणि पोहण्याचे श्रम न करतां दबा धरून बसण्यास मोठ्या माशाला जागा मिळते. रात्रीं मनोऱ्यावरील दिव्यांच्या उजेडाला सूक्ष्म जीव गोळा होतात, त्यांना खाण्यास लहान मासे, आणि लहानांना खाण्यास थोर. जगाची रहाटी पाहण्यास फार दूर जावयास नको.

ज्याला तेथील लोक सरसकट 'रिग' म्हणतात त्याचा अर्थ वस्तुतः विहीर खोदण्याचें यंत्र असा आहे. खोदकाम संपलें कीं तें यंत्र निघून जातें. मागें राहतो तो तेल व वायु काढणारा स्थिर मनोरा. कांहीं मनोरे गांवाएवढे मोठे, त्यांवर शंभर माणसांची वस्ती. कांहीं म्हणजे पाण्यांतून वर आलेला एकुलता एक नळ, त्याभोंवतीं चार खांब आणि वर एक लुकलुकणारा दिवा. किनाऱ्याजवळचे बहुतेक या दुसऱ्या जातीचे. मासेमाराच्या बोलण्यांत मात्र सारे एकजात 'रिग'च, आणि पुढें हा शब्द त्याच सैल अर्थानें वापरण्यास हरकत नाहीं.

ग्रँड आइल हें लुइझियानांतील सात-आठ मैल लांबीचें एक अरुंद बेट. समुद्रापुढच्या असल्या बेटांपैकीं त्या प्रांतांत कायम वस्ती असलेलें हें एवढेंच. येथील मासेमारीची चुरस १९२८ पासून भरत आलेली आहे; म्हणजे मनोऱ्यांपूर्वींपासून. या बेटावरून उजाडण्यापूर्वीं निघणारी नौका साधारणतः वीस ते चोवीस फुटांची असते. मागें एक किंवा दोन यंत्रें, मध्यें उभें राहून चालविण्याचें सुकाणू, आणि पुढें जिवंत आमिष ठेवण्याचा पाण्याचा हौद. इंधनाचा हिशेब तेथें एका जुन्या नियमानें होतो: एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास, आणि उरलेला तृतीयांश नशिबासाठीं राखून ठेवावयाचा. हा शेवटचा भाग कमी करणारे लोक प्रत्येक हंगामांत निघतात, आणि त्यांना ओढून आणण्यास दुसऱ्यांना जावें लागतें.

समुद्राच्या नकाशावर हा सारा प्रदेश सुमारें तीन-तीन मैलांच्या चौकोनांत आंखलेला आहे. चौकोनांच्या समूहांना ग्रँड आइल, वेस्ट डेल्टा, साउथ टिंबलियर, शिप शोल अशीं नांवें आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक. हाच क्रमांक मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. ही व्यवस्था सरकारनें तेलाचे पट्टे देण्यासाठीं केली. पण मासेमारांनीं ती घरांच्या क्रमांकांसारखी पाठ करून टाकली आहे. अमुक क्रमांकावर वसंतांत मोठा मासा येतो, तमुक क्रमांकाच्या पश्चिमेच्या खांबाशीं बाबांनीं धरला होता, असें बोलणें तेथें घरोघर ऐकूं येतें.

मनोऱ्यापाशीं पोहोंचल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि ती माशाची नव्हे, नौकेची. नांगर टाकावा तर तळाशीं तेलाच्या नळांचें जाळें पसरलेलें. त्यांत नांगर अडकला तर दोर तोडूनच परत यावें लागतें, आणि नळाला इजा झाली तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून तेथील लोकांनीं एक साधें साधन काढलें आहे. धातूचा जाड नळ वांकवून, म्हाताऱ्याच्या काठीला असते तशी पण बरीच रुंद मूठ करावयाची, आणि तिला दोर बांधावयाचा. कित्येक जण दोरांत रबराचा एक तुकडा घालतात, म्हणजे लाटेबरोबर बसणारा हिसका तो गिळतो. नौका हळू हळू मनोऱ्याच्या आडव्या खांबाजवळ न्यावयाची, नाळेवर उभ्या असलेल्या माणसानें हा आंकडा खांबावर टाकावयाचा, आणि चालकानें लागलीच मागें सरावयाचें. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. पण त्या अर्ध्या मिनिटांत लाट नौकेला चार फूट उचलते व चार फूट खालीं टाकते, आणि समोर कालवांनीं व कवचांनीं सुऱ्यासारखी धार धरलेला खांब असतो. नाळेवरच्या माणसानें हातानें खांब ढकलण्याचा मोह टाळावा लागतो. नौका दुरुस्त होते. चिरडलेला हात होत नाहीं.

या बाबतींतला पहिला धडा एकच: नौका अशा बाजूला बांधावी कीं दोर सुटला तर वारा व पाणी तिला मनोऱ्यापासून दूर नेतील, मनोऱ्यावर आणणार नाहींत. म्हणजे प्रवाह मनोऱ्याला पार करून ज्या बाजूला जातो ती बाजू. हें ऐकावयास सोपें आहे. पण मासा कोठें असतो? मासा तोंड प्रवाहाकडे करून, येणारें अन्न टिपण्यास बहुधा नेमका उलट बाजूला, म्हणजे प्रवाह जेथून येतो तेथें उभा असतो. सुरक्षित जागा एकीकडे आणि मासा दुसरीकडे, अशी ही कुचंबणा आहे. आणि लहान नौकेच्या मासेमारीचें सारें शहाणपण या एका गांठीभोंवतीं फिरतें.

कांहीं जण सुरक्षित बाजूलाच बांधून, गळ मनोऱ्याच्या कडेनें शक्य तितका पुढें फेंकतात आणि तो बुडत बुडत मागें येईल त्या वाटेवर मासा भेटेल अशी आशा धरतात. दुसरे यंत्र चालू ठेवून प्रवाहाच्या तोंडाशीं नौका तोलून धरतात. त्यांत एका माणसाला गळ सोडून सुकाणूच धरून बसावें लागतें, आणि त्यानें क्षणभरहि मान वळवितां कामा नये. तिसरे, आणि हे सर्वांत धाडसी, प्रवाहाच्या वरच्या बाजूला बांधतात किंवा नांगर टाकतात. चिखलांत नांगर सरकला, दोर घासून तुटला, कीं नौका आडवी होऊन खांबांमध्यें शिरते. ज्यांच्यापाशीं एकच यंत्र आहे त्यांनीं तर हा मार्ग मुळींच धरूं नये, असें जाणते लोक सांगतात. आणि मासा मिळत नसला म्हणजे नेमके तेच लोक तो धरतात.

वारा आणि प्रवाह एकाच दिशेनें असले तर सारें ठीक. पण ते उलटसुलट असले तर नौकेला काय करावें तें कळत नाहीं. वाऱ्याला नौकेचें पाण्यावरचें अंग सांपडतें, प्रवाहाला पाण्याखालचें. दोघे दोन दिशांना ओढतात, दोर कधीं ताठ होतो, कधीं लोंबतो, आणि लोंबला कीं नौका आपोआप मनोऱ्याखालीं सरकूं लागते. कोंकणच्या किनाऱ्यावर दिवसांतून दोनदां भरती येते आणि प्रवाह केव्हां उलटणार हें कोळ्याला तिथीवरून ठाऊक असतें. आखाताच्या या भागांत भरती बहुधा दिवसांतून एकदांच, आणि तीहि फूट-दीड फुटाची. त्यामुळें ओढ कधीं फिरली हें ध्यानांत येण्यास पाण्यावरील फेंस आणि खांबामागची भोंवऱ्याची रेघ यांकडे सतत पाहावें लागतें. त्यांत मनोऱ्यांना सामान पोंचविणारें एखादें मोठें जहाज जवळून गेलें तर त्याची लाट येऊन आदळते ती निराळीच.

मनोऱ्यावरील माणसांशींहि वागण्याची एक रीत आहे. मनोरा कंपनीच्या मालकीचा. मासेमाराला तेथें बांधण्याचा हक्क असा कांहीं नाहीं, पण किनाऱ्याजवळ तें चालवून घेण्याची चाल पडलेली आहे. कामगारांची नौका आली कीं न सांगतां दोर सोडावा. त्यांच्या उतरण्याच्या धक्क्याला, शिडीला, आणि विशेषतः तेल वर आणणाऱ्या उभ्या नळाला कधींहि बांधूं नये. जेथें विषारी वायूची सूचना लावलेली असेल तेथून दूर राहावें. आणि कोणी वरून हात हालवून जा म्हटलें तर वाद न घालतां जावें. खोल समुद्रांतील कित्येक मोठ्या मनोऱ्यांभोंवतीं मात्र पांचशें मीटरांचें राखीव क्षेत्र कायद्यानेंच आंखून दिलेलें आहे.

उभ्या नळाची ही भीति अवास्तव नाहीं, हें मुंबईकरांना तरी सांगण्याची गरज पडूं नये. मुंबई हायचें क्षेत्र १९७४ सालीं सांपडलें. तें किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटर दूर असल्यानें तेथें लहान होडीचा प्रश्नच येत नाहीं, आणि मनोऱ्यांभोंवतीं पांचशें मीटरांपर्यंत मासेमारीच्या नौकांना मज्जाव आहे. पण २७ जुलै २००५ रोजीं, ऐन पावसाळ्यांतल्या खवळलेल्या समुद्रांत, एका जखमी माणसाला मनोऱ्यावर पोंचविण्यास आलेली आधार-नौकाच उत्तरेकडील मनोऱ्याच्या अशा उभ्या नळावर आदळली. नळ फुटून आग लागली. सुमारें दोन तासांत मनोरा नष्ट झाला आणि बावीस माणसें गेलीं. अर्थात् वीस फुटांच्या होडीचा धक्का जहाजाच्या धक्क्याएवढा नसतो. परंतु मनोऱ्यापाशीं नौका कशी वागते हा प्रश्न दोघांनाहि एकच.

माशांविषयीं आतां थोडें. हिवाळा सरतां सरतां किनाऱ्याजवळच्या मनोऱ्यांवर शीपशेड जमतात. अंगावर काळे पट्टे, आणि तोंडांत पुढचे दांत हुबेहूब माणसासारखे! त्या दांतांनीं हा मासा खांबावरील कवचें फोडून खातो. आमिष चोरण्यांत त्याचा हात कोणी धरणार नाहीं. गळाला लागलें असें वाटण्यापूर्वींच खेकडा गेलेला असतो. मे महिन्यापासून ठिपक्यांचे ट्राउट समुद्रांत उतरतात आणि पहांटेच्या वेळीं उथळ मनोऱ्यांपाशीं कोळंबीवर तुटून पडतात. याच सुमारास कोबिया येतो. लुइझियानांत त्याला लेमनफिश म्हणतात. तपकिरी रंगाचा, रुंद डोक्याचा हा मासा इतका चौकस कीं नौका आली कीं स्वतःच पाहण्यास वर येतो. नवशिके त्याला शार्क समजून सोडून देतात, आणि उलटहि घडतें. आपल्या सुरमईच्याच कुळांतील किंग मॅकरेल खोल बाजूच्या मनोऱ्यांभोंवतीं घिरट्या घालतो. आणि राखी रंगाचा मँग्रोव्ह स्नॅपर म्हणजे या साऱ्यांत हुशार. जाड दोर दिसला कीं तो तोंड फिरवतो. त्याच्यासाठीं तारलीच्या जातकुळीचा एक मासा बारीक चिरून त्याचे तुकडे थोडे थोडे पाण्यांत सोडतात. अर्ध्या तासानें जथा वर येतो, आणि मग त्या तुकड्यांबरोबर, शिसें न लावतां, गळहि तसाच अलगद सोडावा लागतो.

मनोऱ्यावर मासा लागल्यावरचा पहिला श्वास महत्त्वाचा. उघड्या समुद्रांत मासा दोर घेऊन पळाला तर पळूं द्यावा अशी रीत आहे. येथें ती उपयोगी नाहीं. मासा थेट खांबांकडे धांवतो, दोर कवचांवर घासतो आणि क्षणांत तुटतो. म्हणून कित्येकदां मासा लागतांच दोर खांबावरून सोडवून, यंत्रानें नौकाच मागें घेऊन माशाला मोकळ्या पाण्यांत ओढून आणतात. दोन माणसांचें एकमत नसेल तर हें साधत नाहीं. बाप सुकाणूवर आणि मुलगा गळावर असला म्हणजे या वेळीं जें संभाषण होतें तें नभोवाणीवरून सांगण्यासारखें नसतें.

या सर्वांत मोठा मान तांबड्या स्नॅपरचा. आपल्याकडील तांबोशीचा हा भाऊबंद. पन्नास वर्षांहून अधिक जगूं शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याची संख्या फार घटली, आणि तेव्हांपासून किती धरावे, केवढे धरावे, कोणत्या दिवशीं धरावे याचे निर्बंध आले. पण निर्बंधामुळें एक नवाच पेंच निघाला. शंभर फुटांवरून भराभर वर ओढलेल्या माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते, जठर तोंडावाटे बाहेर येतें, आणि असा मासा पाण्यांत सोडला तरी तो खालीं जाऊं शकत नाहीं. पृष्ठभागावर तरंगतो आणि पक्ष्यांच्या व डॉल्फिनच्या तोंडीं पडतो. कायदा पाळून सोडलेला मासाहि मेलाच. यावर उपाय म्हणून ओठाला चिमटा लावून शिशाच्या वजनानें त्याला पुन्हां खोल नेऊन सोडणारें साधन निघालें, आणि असें साधन किंवा हवा काढण्याची सुई आखातांतील नौकांवर तयार ठेवण्याचा नियम २०२२ सालीं अमलांत आला. त्यापूर्वींच, २००८ पासून, आंत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरणें भाग झालें होतें. तो माशाच्या पोटांत न रुततां तोंडाच्या कोपऱ्यांत लागतो.

हवामानाची गोष्ट लांबविण्याचें कारण नाहीं. उन्हाळ्यांत दुपारीं मेघ उभे राहतात, विजा पडतात. तासाभरांत आरशासारखें पाणी तुटक उंच लाटांचें होतें, आणि लोखंडाच्या मनोऱ्याला बांधून बसणें हा कांहीं आश्रय नव्हे. नदीच्या पुराचें गढूळ गोडें पाणी वर आणि खारें पाणी खालीं अशी परिस्थिति वसंतांत असते. उन्हाळ्यांत तर शेतांतून वाहून आलेल्या खतांमुळें तळाजवळचें पाणी प्राणवायूवांचून मृतवत् होतें. २०१७ सालीं असा पट्टा बावीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक मोजला गेला. अशा वेळीं तळाशीं गळ सोडून बसणाऱ्याला कांहींच मिळत नाहीं. मासे खांबाच्या मधल्या उंचीवर, जेथें श्वास घेतां येतो तेथें, अधांतरीं उभे असतात.

संकटें मोठींहि आलीं. २००५ सालच्या कॅटरिना व रीटा या दोन वादळांनीं मिळून ११३ मनोरे उध्वस्त केले. २० एप्रिल २०१० रोजीं खोल समुद्रांतील एका खोदयंत्रावर स्फोट होऊन अकरा माणसें मेलीं, आणि तेल सत्याऐंशी दिवस वाहत राहिलें. त्या उन्हाळ्यांत आखातांतील मध्यवर्ती सरकारच्या हद्दीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मासेमारीस बंद होता. ऑगस्ट २०२१ मधील आयडा वादळानें ग्रँड आइलवरचीं घरें शब्दशः उचकटलीं. दर वेळीं लोक परतले, कारण मनोरे तेथें होते.

मनोरेच राहिले नाहींत तर? हा आज तेथील खरा प्रश्न आहे. एके काळीं आखातांत सुमारें चार हजार मनोरे एका वेळीं उभे होते. आज त्यांच्या निम्मेहि उरलेले नाहींत. उथळ पाण्यांतील तेल व वायु संपत आले, उद्योग खोल समुद्राकडे सरकला. पट्टा संपल्यापासून एका वर्षांत मनोरा काढावा, खांब तळाखालीं पंधरा फुटांवर कापावेत, असा नियम आहे. २०१० सालीं सरकारनें निरुपयोगी पडून राहिलेले मनोरेहि काढण्याविषयीं कडक सूचना दिल्या. वादळांत मोडून पडणारें गंजलेलें लोखंड, झिरपणाऱ्या जुन्या विहिरी, यांचा धोका ध्यानांत घेतां ही सूचना अन्यायाची म्हणतां येणार नाहीं. पण कापणी कित्येकदां खांबांत स्फोटक दारू भरून होते, आणि त्या एका धमाक्यानें आजूबाजूचे मासे मरून पाण्यावर येतात. ज्या स्नॅपरपैकीं ठराविकच धरावे म्हणून नौकेंतल्या माणसाला दटावलें जातें, तेच शेंकड्यांनीं पांढरें पोट वर करून तरंगतांना त्याला पाहावे लागले, तर तो काय म्हणत असेल याची कल्पना करावी.

तरी मासे धरणारे सगळे एका बाजूला आहेत असें समजूं नये. कोळंबीवाल्यांना स्वच्छ तळ पाहिजे. त्यांचें जाळें तळावरून ओढलें जातें; मनोऱ्याचा एखादा उरलेला खुंट लागला कीं हजारों रुपये किंमतीचें जाळें क्षणांत फाटतें. अशा नुकसानीच्या भरपाईसाठीं १९७८ च्या कायद्यानें एक निधीच स्थापन झाला. गळवाल्याचें घर म्हणजे जाळेंवाल्याची अडगळ. दोघेहि एकाच धक्क्यावर नौका बांधतात.

मधला मार्ग म्हणून मनोरे तेथेंच बुडवून त्यांचे कृत्रिम खडक करण्याची योजना निघाली. १९८४ सालीं मध्यवर्ती सरकारनें कायदा केला, १९८६ मध्यें लुइझियानानें व १९८९ मध्यें टेक्सासनें आपापल्या योजना सुरू केल्या. कंपनीचा मनोरा किनाऱ्यावर ओढून नेण्याचा खर्च वांचतो. त्या बचतीचा साधारणतः अर्धा भाग ती प्रांताला देते, आणि मनोरा आडवा करून किंवा वरचा भाग कापून समुद्रांत राहूं दिला जातो. आजवर पांचशेंहून अधिक मनोरे असे खडक झाले आहेत. ग्रँड आइलसमोर १९६० पासून चाललेली समुद्रांतील गंधकाची खाणहि बंद पडल्यावर अशीच माशांच्या हवालीं करण्यांत आली.

परंतु या योजनेंत लहान नौकेच्या वाट्याला फारसें येत नाहीं. बुडविलेल्या मनोऱ्यावरून जहाजें सुखरूप जावींत म्हणून वर पुरेसें मोकळें पाणी ठेवावें लागतें; दिव्याची खूण न लावतां ठेवावयाचें तर साधारणतः पंच्याऐंशी फूट. जेथें मुळांत पाणीच तीस-चाळीस फूट, तेथें हा हिशेब बसणार कसा? म्हणून खडक होतात ते बहुतांशीं दूरचे, खोल पाण्यांतले मनोरे. आणि किनाऱ्याजवळचे, म्हणजे ज्यांच्यापर्यंत एका यंत्राची होडी उजाडतां निघून दुपारच्या गडगडाटाआधीं परत येऊं शकते, ते भंगारांत जातात. कांहीं ठिकाणीं प्रांतानें दगड व काँक्रीट टाकून जवळचे लहान खडक केले आहेत. पण तळापासून पृष्ठभागापर्यंत उभ्या असलेल्या खांबाची सर त्यांना येत नाहीं. कोबिया कांहीं दगडाच्या ढिगाला घिरट्या घालावयास येत नाहीं.

मनोरे मासे वाढवितात कीं नुसते गोळा करतात, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. २०१४ सालीं कॅलिफोर्नियाच्या मनोऱ्यांविषयीं जें संशोधन प्रसिद्ध झालें त्यांत, तेथें तळाच्या प्रत्येक चौरस मीटरामागें होणारी माशांची वाढ जगांत मोजलेल्या इतर सागरी वसतिस्थानांपेक्षां अधिक आढळली. उलट आखातांतील तांबड्या स्नॅपरची जी मोठी गणना पुढें झाली, तींत दहा कोटींहून अधिक मासे असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतले बहुसंख्य मनोऱ्यांपाशीं नव्हे, तर नकाशावर कसलीच नोंद नसलेल्या विखुरलेल्या तळावर. म्हणजे मनोरे गेले म्हणून स्नॅपरचा वंश बुडेल असें नाहीं. पण होडीवाल्याचा प्रश्न वंशाचा नाहीं. मासा कोठें आहे हें त्याला कळलें पाहिजे, आणि तेथें जाऊन सूर्य मावळण्यापूर्वीं घरीं येतां आलें पाहिजे. विखुरलेल्या कोट्यवधि माशांचा त्याला उपयोग काय?

मनोरा काढून नेल्यावर कंत्राटदार त्या जागेवरून जाळें ओढून तळ मोकळा झाल्याची खात्री करून घेतो, आणि मग नकाशावरून ती खूण पुसली जाते. मासेमारांच्या जुन्या वह्यांत मात्र तो क्रमांक राहतो. दोन-तीन हंगाम कांहीं जण सवयीनें तेथें जातात, यंत्र थांबवितात, आणि खालीं पडलेल्या कवचांच्या ढिगावर एखादा शीपशेड अजून रेंगाळत असला तर पाहावें म्हणून गळ सोडतात. बांधण्यास तेथें आतां कांहीं नसतें. नौका वाऱ्याबरोबर सरकत राहते, आणि पुन्हां पुन्हां यंत्र चालू करून मूळ जागीं यावें लागतें.